आजपासून आप्पांची सुई तुझ्याकडे

धनू,

मी लवकर निघालेय. आप्पांचं इन्सुलिन आज नाश्त्याआधी तू दे. सहा वर्षं त्यांच्या पोटात सुई मी टोचतेय, पण तुला नर्सिंगला सीट मिळाली आणि "आमच्या घरात नर्स झाली" म्हणून ते अख्ख्या चामराजपेटेला सांगत सुटलेत. मग घेऊ देत नर्सकडूनच टोचून! काल उजवीकडे दिलंय, आज डावीकडे दे.

दोन दिवस शोधतेयस ती बारावीची मार्कशीट माझ्या कपाटात, साड्यांखाली आहे. ती काही आपल्या पायांनी तिथे गेली नाही. कॉलेजात आज दाखवायचा शेवटचा दिवस आहे, वेळेवर जा.

आप्पांना स्वल्प बोलण्यात गुंतव, मग टोच. आणि दुखलं म्हणाले, तर मला संध्याकाळी नक्की सांग.

अक्का