फुगडीचा तोल

१ ऑगस्ट
गोव्यातल्या सर्वण गावी पोहोचले. खोली स्वच्छ, खिडकीपुढे हिरवे शेत. घरमालकीण कमलाक्षीबाईंनी चहा आणि गरम पोयी, म्हणजे इथला पाव, आणून दिली. त्यांची दहावीतली मुलगी ऋतिका माझ्याच शाळेत शिकते. कलाशिक्षिका म्हणून रुजू होताच गणेश चवथीच्या फुगडी स्पर्धेचा संघ माझ्याकडे सोपवण्यात आला. ढिसाळपणा मला खपत नाही, हे मी पहिल्याच तासाला स्पष्ट केले.

६ ऑगस्ट
फुगडीत दोघी हात धरून मागे रेलतात. एकीच्या वजनावर दुसरी तोलली जाते. ऋतिका अंगाने भरलेली, म्हणून तिची आणि प्रियाची जोडी मध्यभागी ठेवली. मात्र स्पर्धेच्या फ्लेक्ससाठी काढलेल्या छायाचित्रात तिची कंबर रचना बिघडवत होती. संगणकावर ती बेताची केली. कडेला मी उभी होते. माझ्या हनुवटीवरूनही हात फिरवला.

११ ऑगस्ट
फ्लेक्स शाळेच्या फाटकावर लागला. प्रिया म्हणाली, "टीचर, ही आमची ऋतिका न्हय, तिची धाकटी भैण." सगळ्या हसल्या, ऋतिका सर्वांत मोठ्याने. संध्याकाळी तिने पोयीला हात लावला नाही. तिचा संयम मला आवडला; तसे तिला सांगितलेही.

१७ ऑगस्ट
फ्लेक्सवरील तिची कंबर मी एकवीस सेंटिमीटर राखली होती. आज पट्टीने सतरा भरली. फ्लेक्स आकसत नाही. तोही केवळ कमरेपाशी तर नाहीच. ऋतिका पेज कावळ्यांना घालते, असे कमलाक्षीबाई रडत सांगत होत्या. मी तिला जेवायला बजावले. फ्लेक्सकडे पाहत ती शांतपणे म्हणाली, "अजून थोडें उरलां, टीचर."

२१ ऑगस्ट
मूळ छायाचित्र पुन्हा छापून घ्यावे म्हणून उघडले. मी हात न लावलेले. त्यातही ती तितकीच बारीक. फ्लेक्स आजच उतरवायला हवा. पण मुख्याध्यापकांना कारण काय सांगू? माझे काम चुकले, असे? स्पर्धा होऊन जाऊ दे.

२४ ऑगस्ट
स्पर्धा. गिरकी वेगात आली आणि प्रिया एकटीच मागे कोसळली. हातात वजनच उरले नाही, एवढेच ती सांगते. तिच्या मुठीत ऋतिकाच्या बांगड्या होत्या, एकही फुटली नव्हती. ऋतिका पडली नाही. कुठेच पडली नाही —

२५ ऑगस्ट
फ्लेक्स उतरवला. मध्यभागी ऋतिकाच्या जागी एक उभी रेघ. तिच्या शेजारी प्रिया — कालच्यापेक्षा अरुंद. प्रियाने आज डबा उघडला नाही.

२७ ऑगस्ट
कमलाक्षीबाई अजून दोन वाट्या पेज वाढतात. एक ऋतिकाची, एक माझी. बाय, एक घोट तरी घे, म्हणतात. भूक नाही. माझी अंगठी वाटीत गळून पडली. मी स्वतःची फक्त हनुवटी — कमरेला हात लावलाच नव्हता —

२८
आरशात पाहिले. रचना आता जवळजवळ निर्दोष. अजून थोडे उरले आहे. पेन जड —