नेलपॉलिशचं कुंकू

मंगळवार, संध्याकाळी सात

सकाळी सातवीच्या वर्गात वैतरणेचं खोरं शिकवलं. तानसा वैतरणेला मिळते, वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला. 'वर टाकलेलं सगळं खाली येतं,' असं मुलांना ठणकावून सांगितलं. भूगोलाची बाई ना मी!

शाळा सुटल्यावर अर्नाळ्याला बोंबील घ्यायला गेले. कोळीणमावशी पिशवी आणायला घरात वळली आणि दारातून भिंतीवरची लक्ष्मी दिसली. कपाळावर नेलपॉलिशचं कुंकू. माझ्या लेकीने, चिनूनेच लहानपणी लावलेलं.

महिन्यापूर्वी घर रंगवताना सासूबाईंच्या त्या तसबिरीची काच तडकली. मी ती तसबीरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खानिवड्याच्या पुलावरून तानसेत टाकली. विसर्जन म्हणे!

"जाल्यात गावली, बाय," मावशी म्हणाली. "काचेनं ह्यांचा हात कापला. पन देवीला परत पान्यात कशी टाकू?"

ताजं फूल वाहिलं होतं तिने. आणि मी? "छान आहे हो," म्हणून हात जोडले. कापलेल्या हाताची चौकशीसुद्धा केली नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काचवाल्याकडून लक्ष्मी आली का गं?"

"अजून नाही," म्हणाले. हे खोटं महिनाभर बोलतेय. पण आज डोळ्यांसमोर ते कुंकू होतं.