हडळीला अप्पांचे डोळे

येरमाळा, चैत्र शुद्ध द्वादशी

तीर्थस्वरूप भीमाशंकरमामांच्या चरणी भाचा ईरण्णाचे शरणु शरणार्थी.

मामा, तुमची प्रकृती ठणठणीत असेल, मामींचा गुडघा जरा दमानं घेत असेल आणि म्हैस एव्हाना व्याली असेल असं धरून चालतो, कारण सविस्तर चौकशी करण्याइतका धीर आज माझ्यात नाही. आनंद मावत नाहीये (भीतीचं पुढं येईलच). तुमचा भाचा पेंटर झाला! इथल्या जत्रेत श्रीमंतशेठच्या तंबू टॉकीजच्या दारात माझ्या हातचा दहा हात उंच पडदा लागलाय आणि त्याच्यापुढं उभं राहायला जागा नाही.

अप्पांनी मला धाराशिवला कशाला पाठवलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उर्दू पक्की करायची, परीक्षा द्यायची आणि उर्दूतले कागद उतरवायला कचेरीत नक्कलनवीस म्हणून चिकटायचं. उर्दू मी पक्की केली (अक्षर असं की मौलवीसाहेब माझा कागद सगळ्या वर्गाला दाखवायचे). पण परीक्षेच्याच दिवशी वाटेत श्रीमंतशेठ डोकं धरून बसलेले भेटले. सोलापूरहून येताना त्यांची बैलगाडी ओढ्यात कलंडली होती. सिनेमाची रिळं पेटीत कोरडी राहिली, पण हडळीच्या छापील पोस्टरांचा पार लगदा झाला होता आणि जत्रा तोंडावर. मी म्हणालो, मी रंगवतो. का म्हणालो, देव जाणे. परीक्षा तिकडं झाली आणि मी इकडं मांजरपाटाचे पट्टे जोडत बसलो.

सिनेमा मी बघितलेला नव्हता, त्यामुळं पहिल्या पडद्यावर हात आखडता घेतलाच नाही. हडळ, तिचे उलटे पाय, तीन सांगाडे, वटवाघळं, जळती चिता, बेशुद्ध नायिका आणि एक कोपरा मोकळा राहिला म्हणून त्यात नाग. माणसं जमली, मी खूश. एका म्हाताऱ्यानं काठीनं एकेक चित्र दाखवत सगळी गोष्ट सांगितली (ती मलाही नवीनच होती) आणि "झालं की बघून, आता आत काय ऱ्हायलंय?" असं म्हणत सगळी मंडळी रेवड्या घ्यायला निघून गेली. तंबूत अकरा माणसं. श्रीमंतशेठ म्हणाले, "पेंटर, तुमी आख्खा शिनेमा भाईरच फुकट दावलाव." मला रडू यायचं बाकी होतं.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. कंदिलांची काजळी जवसाच्या तेलात कालवली आणि सांगाडे, चिता, नाग, सगळं पुसून काळं केलं. ठेवलं काय? किलकिलं दार. चौकटीवर चार बोटं, मनगटात हिरव्या बांगड्या. फटीत दोन डोळे. खालचा अर्धा पडदा नुसता काळोख, आणि त्यात सिनेमाचं नाव लाल, अक्षरांना खाली ओघळ सोडलेले. बुबुळं बरोबर मधोमध, म्हणजे बघणारा कुठंही उभा राहो, ती त्याच्याकडंच बघणार. राहिला प्रश्न डोळे कुणाचे. म्हशीचे करून बघितले, घुबडाचे करून बघितले, कीव यायची. शेवटी अप्पांचे काढले. मुरूमच्या दुकानात गिऱ्हाईकानं कापड चाचपत 'रंग जाईल का?' असं विचारलं की अप्पा मान न उचलता चष्म्यावरून नुसती नजर वर करतात, ते. लहानपणापासून पाठ असलेले डोळे, एका बैठकीत उतरले!

समोरच्या गौराबाई कासारणीनं तीनदा दुकान हलवलं. "ती बया माज्याकडंच बघतीया, म्या धंदा कसा करू?" म्हणून शेठशी कडाकडा भांडली आणि संध्याकाळच्या खेळाचं पहिलं तिकीट तिनंच काढलं. गर्दी आत मावेना म्हणून तंबूच्या बाजूच्या कनाती वर कराव्या लागल्या. आतली हडळ चांगली गुटगुटीत निघाली आणि दोन गाणी म्हणून गेली, तेव्हा लोक बाहेर येऊन 'खरी ही' म्हणत पुन्हा पडद्यापुढं उभे. मामा, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मला हेच करायचंय.

मामींना नमस्कार.

तुमचा,
ईरण्णा

ता. क. — खरं काम राहिलंच. अप्पा निकालाची वाट बघतायत. मी परीक्षेला बसलोच नाही हे मुरूमला जाऊन तुम्हीच त्यांच्या कानावर घाला. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही.

ता. क. दुसरा, पौर्णिमा — पत्र टाकायचं राहिलं आणि अप्पा आईला घेऊन जत्रेला आले! मी पडद्यामागं दडलो. अप्पा उजवीकडं सरकले, डावीकडं सरकले, चष्मा पुसला आणि आईला म्हणाले, "हे डोळे कुठंतरी बघितल्यासारके वाटतेत. मानूस लई खडूस असंल." आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मग अप्पा शेठना म्हणाले, "आमच्या दुकानाची पाटी रंगवायला ह्या पेंटरला सोमवारी धाडा. कुणाचं लेकरू हाय, नशीबवान बाप! आमचं एक हाय, त्येला कागद उतरवायला धाडलंय."

मामा, पडद्यामागं मी किती वेळ रडलो ते सांगत नाही. आता कानावर काही घालू नका. सोमवारी पेंटर म्हणून मीच डबे घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहीन, तेव्हा अप्पांच्या शेजारी गादीवर तुम्ही बसलेले असा, एवढंच करा. ते मान न उचलता वर बघतील ना, तेव्हा मला दुसरीकडं बघायला तुमचं तोंड समोर हवं.