दिपालीला विचारून सांगतो

३ जून
निर्णय झाला. ऑफिसचं सॉफ्टवेअर बनवूनच घ्यायचं, रेडीमेड नाही. बायकोचं, दिपालीचं म्हणणं, सगळे घेतात ते साधं रेडीमेड घ्या, त्यात बसणार नाही ते मी सांभाळते. चाकणमध्ये गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो आपण. किराणा दुकान आहे काय? सॉफ्टवेअरवाला प्रज्वल डेमोला आला होता. त्याच्यासमोर गमतीत म्हणालो, हिचं काय ऐकता, ही नुसती फोन घेते. तो हसला. दिपाली नाही हसली. दमली असेल.

४ जून
बायको राजगुरुनगरला, माहेरी. बरंच झालं, हवापालट होईल. चार दिवसांत येईल. तोवर ऑफिस मी बघतो. त्यात आहे काय?

९ जून
ऑफिसात बरंच काही आहे. कुठल्या परचेसवाल्याला सकाळी फोन केलेला चालत नाही, कुठल्या कंपनीच्या गेटवर मालाचं चलन दुपारच्या आत लागतं, कुठला ऑपरेटर चिडला की घरी पाठवायचा आणि कुठल्याला नुसता चहा पाजायचा. कुठेच लिहिलेलं नाही. प्रज्वल विचारतो, सर, हे सगळं आत्ता कोण बघतं? म्हटलं, दिपालीला विचारून सांगतो.
फोन सासूबाईंनी घेतला. म्हणाल्या, जावईबापू, ती न्हाई यायची फोनवर. कामाचं आसंल तर बोलंल. म्हटलं, कामाचंच आहे. लगेच आली. ओढ असतेच ना.

१८ जून
रोज फोन. मी विचारतो, ती सांगते. आवाज एकदम व्यवस्थित, बँकेतल्या बाईसारखा. जेवलात का, एवढं विचारत नाही. पण मी जेवतो हे तिला माहीतच आहे. (आज नाही जेवलो.) एक शंका मुद्दाम उद्यासाठी शिल्लक ठेवली. याला प्लॅनिंग म्हणतात.

२७ जून
मास्टरस्ट्रोक. प्रज्वललाच राजगुरुनगरला पाठवला. दिपाली दिवसभर त्याच्याबरोबर बसली, काही म्हणता काही हातचं राखलं नाही. वर पोहे खाऊ घातले. धंद्यासाठी एवढं कोण करतं? जिला परत यायचंय तीच. परत आल्यावर प्रज्वल लॅपटॉप उघडून बसला. खोदून विचारलं तर म्हणाला, मॅडम म्हणाल्या, काय ते आत्ताच विचारून घ्या, नंतर फोन नको. शिस्तीची आहे पहिल्यापासून. घरी नवे पडदे लावून घेतले, तिच्या आवडीचे.

११ जुलै
शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, दिपाली काल दुपारी येऊन गेली. शिलाई मशीन टेम्पोत घालून नेलं. मी तेव्हा चाकणला. इथे घरी, संत तुकाराम नगरपर्यंत आली आणि एक फोन नाही. माहेरी वेळ जात नसेल, म्हणून मशीन. पडद्यांबद्दल काही म्हणाली का, ते सुमनताईंना विचारायचं राहिलं.

२ ऑगस्ट
सॉफ्टवेअर सुरू झालं. परचेसवाल्याला दुपारी फोन करायची आठवण देतं. चलन वेळेत निघतं. चहावाला ऑपरेटरसुद्धा आहे त्यात. प्रज्वलला म्हटलं, काहीतरी राहिलंच असेल रे. म्हणाला, नाही सर, मॅडमनी काहीच सोडलं नाही. दिवसभर चुका शोधत बसलो. एक सापडली नाही.
संध्याकाळी तरीही फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, कामाचं हाय का? तोंडाशी आलं होतं, घर खायला उठतं, तिला एवढं सांगा. पण विचारलं होतं कामाचं. नाही म्हणालो. बरं, म्हणाल्या, आणि ठेवला.
रेडीमेड घेतलं असतं तर रोज काही ना काही विचारावं लागलं असतं.