तीन वर्षांच्या अनुभवाची अट

४ जानेवारी
संकल्प: यंदा स्वच्छ ऊर्जा संशोधन निधी मंजूर करून घ्यायचाच. आठ वर्षं ही फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. कारण उघड आहे, ती माझ्याकडे नव्हती. धाकट्या बहिणीला लगेच फोन केला, तुझ्या मिठाच्या बॅटरीचं काम झालंच समज. ती म्हणाली, जूनपर्यंत मदत आली नाही तर लॅबला कुलूप. म्हटलं, दादा आहे ना.

११ जानेवारी, दुपारी
स्ट्रॅटेजी ठरली. ज्याला जे खुपतं ते मसुद्यातून काढायचं. मग विरोध करणार कशाला? इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही, कमाल आहे.

२ फेब्रुवारी
मंत्र्यांच्या मतदारसंघात कोळशाच्या खाणी. 'कोळसा' शब्द काढला. साहेब खूश.

२० फेब्रुवारी
विरोधकांची कुरकुर, सगळा निधी शहरं खाणार. प्रत्येक जिल्ह्याला सारखा वाटा लिहून टाकला. लॅब दोनच जिल्ह्यांत आहेत. बाकीचे बांधतील हळूहळू.
धाकटीचा मिस्ड कॉल. मीटिंगमध्ये होतो. म्हणजे कँटीनमध्ये, पण विषय तोच होता.

९ मार्च
अर्थखात्याच्या बाईंनी गाडं अडवलं. प्रयोग फसला तर सभागृहात उत्तर कोण देणार? म्हटलं, प्रयोग आहे, एखादा फसणारच. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी बसलो.

१० मार्च, दाढी करताना
सुचलं! जे तंत्र बाजारात तीन वर्षं यशस्वी चाललंय, त्यालाच निधी. फसायचा प्रश्नच मिटला. बाईंनी पहिल्यांदाच चहा पाजला.

२८ एप्रिल
एकमताने मंजूर! साहेबांनी पाठ थोपटली. बायकोने विचारलं, वन्संना अट सांगितलीत का? तिला कामातलं काही कळत नाही.

१५ मे
धाकटी घरी आली. नियमांची प्रत हातात, तिसऱ्या पानावर पेनाने रेघ.
"दादा, बॅटरी मी मागच्या वर्षी बनवली. तिच्यासाठी तीन वर्षं कुठून आणू?"
म्हटलं, कुणीतरी मागाहून घुसडलं असणार, बघतो. बायको माझ्याकडे बघत राहिली.

२ जून
कलम बदलायला गेलो. बाई म्हणाल्या, अवश्य बदला, फाईल पुन्हा सगळ्यांकडे फिरवा.

१९ जून
पहिला निधी डिझेल जनरेटरवाल्यांना. तीस वर्षांचा अनुभव. नवं मॉडेल धूर जरा कमी सोडतं म्हणे.

३० जून
नामंजुरीची एकोणीस पत्रं, सही माझीच. धाकटीचं सगळ्यात खाली सरकवलं होतं. तरी आलंच. छापील ओळ: 'पुरेसा अनुभव मिळवून पुन्हा अर्ज करावा.' तीही मीच लिहिलेली. केली सही.

३ जुलै, संध्याकाळी
लॅब बंद. धाकटीने विचारलं, सामान तुमच्या गॅलरीत ठेवू का? ठेव म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
आत्ता वीज गेली. बायकोने गॅलरीतल्या बॅटरीला दिवा जोडला. दीड तास झाला, नीट चाललाय. त्याच उजेडात हे लिहितोय.