डबा न फोडलेला उल्कावीर

१ जानेवारी
यंदाचा संकल्प एकच. नवीन एकही खेळणं घ्यायचं नाही. खेळणं हा शब्द बायकोचा, मी कलेक्टिबल म्हणतो. आहेत ते एकशे चौदा पुष्कळ झाले. कॉमिकमधले, सिनेमातले, सगळे सीलबंद डब्यात. एकालाही माणसाचा हात लागलेला नाही, माझासुद्धा.

६ जानेवारी
उल्कावीरची, म्हणजे माझ्या लाडक्या कॉमिकच्या नायकाची, गाडी घेतली. एकशे पंधरा. संकल्प मोडलेला नाही. गाडी छत्तीस वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे जुनी. नवीन घ्यायचं नाही, एवढंच ठरलं होतं. बायकोला हे नीट समजावून सांगितलं. ती इस्त्री करत होती, करतच राहिली.

१९ जानेवारी, सकाळी ८
लेकीचा फोन. एप्रिलअखेर बाळ होणार. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलीय. आपण तळमजल्यावर. तर मार्चपासून चार महिने इकडे येऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, घर तुझंच आहे. फोन ठेवला तोच बायको म्हणाली, मग तिची खोली रिकामी करा.
तिची खोली! लग्न होऊन चार वर्षं झाली. आता ती संग्रहाची खोली आहे. खिडकीला काळा पडदा, फटींना टेप, धुळीची काय बिशाद आत शिरायची. तरी म्हटलं, फेब्रुवारीअखेर करतो. मी एकदा बोललो की बोललो.

२ फेब्रुवारी
ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याला बढती. हा माणूस फायली हरवतो! मी एकोणतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतोय, एक कागद इकडचा तिकडे नाही. जपणाऱ्याला विचारतो कोण? ठीक आहे. १५ मार्चला संग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे. ‘उत्तम जतन’ची ढाल माझीच. मग साहेबांना बोलावून दाखवीन.
खोली प्रदर्शनानंतर रिकामी करणं शहाणपणाचं. आत्ता हलवाहलव नको.

११ फेब्रुवारी
खोलीत आंबूस गोडसर वास येतोय. अस्सल जुन्या मालाचा वास, जाणकारांना कळतो. बायको म्हणाली, उंदीर मेलाय. तिच्याकडून दुसरी अपेक्षाच नाही.
डब्यांच्या पारदर्शक बाजूतून पाहिलं. उल्कावीर चकाकतोय! डॉक्टर गंजसुद्धा, आणि तो तर खलनायक. इतक्या वर्षांत चमक वाढलेली दुसरी एकही गोष्ट या घरात नाही.

२० फेब्रुवारी
मंडळाची मीटिंग. परीक्षक म्हणून कोण, तर घड्याळजी. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, म्हणजे सगळ्यातलं कळतं असा समज. याची स्वतःची खेळणी उघड्यावर, वर शेजारची पोरं त्यांच्याशी खेळतात. मला म्हणाला, अधूनमधून डबे उघडत जा, त्यांना हवा लागू द्या. खेळणी आहेत की कुत्री, हवा खायला न्यायला? तोंडावर नाही बोललो. ढाल मिळाल्यावर बोलेन.

१ मार्च
लेकीला तोडगा सुचवला. हॉलमधला सोफा. मी स्वतः दुपारी त्यावर झोपतो, अंग अजिबात दुखत नाही. ती म्हणाली, आईला फोन द्या. पटलं असावं.

२ मार्च
बायकोने जुनं उकरून काढलं. लेक सात वर्षांची असताना तिने उल्कावीरचा एक डबा फोडला होता, तेव्हा म्हणे मी तिच्याशी आठ दिवस बोललो नव्हतो. साफ खोटं. सहा दिवस. माझ्याकडे नोंद आहे.
शिवाय तो उल्कावीर नंतर तिलाच दिला. उघडलेला, त्यामुळे संग्रहात बसत नव्हता. मन मोठं लागतं त्याला.

६ मार्च
लेक सासूकडे गेली. सासूने म्हणे स्वतःची खोली दिली. असतो काही लोकांना मोठेपणाचा सोस. बायकोनेही दोन बॅगा भरल्या. तिथे माझी गरज आहे, म्हणाली. इथे नाही का, असं विचारणार होतो. पण ढालीसाठी भिंतीत खिळा ठोकायचा होता, राहून गेलं.

१५ मार्च, दुपारी ४
ढाल नाही.
घड्याळजीने माझा उल्कावीर उचलला, उजेडाकडे धरला, चष्मा वर केला. चार लोकांसमोर म्हणाला, ही चमक नव्हे, प्लास्टिकला तेल सुटलंय. बंद डब्यात त्याला जायला जागा नाही, त्यातच ते कुजतंय. ज्यांना हात लागले, हवा लागली, ती टिकली. मी विचारलं, उपाय? त्याने डबा माझ्या हातात दिला आणि पाठीवर हात ठेवला. त्याचा हात मला मुळीच नको होता.

१६ मार्च
रजा टाकली. घड्याळजी खोटा पडावा म्हणून डबे उघडले. हातमोजे घालून सुरुवात केली, नंतर काढून टाकले. उल्कावीरचा झगा पाठीला चिकटलेला. ओढला तर हात निखळून आला. नव्या गाडीची चाकं वितळून तळाला बसलीत. डॉक्टर गंज बोटांना सोडेना. संध्याकाळपर्यंत एकसष्ट उघडले. सगळ्यांची तीच गत. साबणाने तीनदा हात धुतले, चिकटपणा जात नाही.
दोष कंपनीचा. कडक पत्र लिहायचं.

२८ एप्रिल
नात झाली. दोघी ठीक. बायकोने फोटो पाठवला. बाळ गाढ झोपलंय, आणि उशाशी उल्कावीर उभा. लेकीचा. नाकाचा रंग उडालेला, एक कान चावलेला, पण कोरडा ठणठणीत, दोन्ही हात जागेवर.
फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. आधी उल्कावीरच पाहिला, हे इथे लिहून ठेवतो. लाज वाटली.
कंपनी कधीच बंद पडलीय. पत्र रद्द.

९ ऑगस्ट
बायको परत आली, एकच बॅग घेऊन. दुसरी तिकडेच ठेवलीय, जायला यायला बरं पडतं म्हणून. खोलीचं विचारलं. म्हटलं, आवरतोच आहे.

१८ डिसेंबर
आवरली. एकशे पंधराच्या एकशे पंधरा भंगारवाल्याने नेले. डबे घेतो म्हणाला, आतला माल नको होता, आग्रह करावा लागला. टेप खरवडून खिडकी उघडली. पलंग लावला. लेकीला मेसेज केला, खोली रिकामी आहे, चांगला उजेड येतो, नातीला घेऊन कधी येतेस?
अर्ध्या तासाने उत्तर आलं. बाबा, ती आता रांगते. दिसेल त्याला हात लावते. तुम्हाला नाही चालायचं, राहू दे.
खोलीत जाऊन बसलो. हात लावायला काहीच नाही तिथे. ढालीचा खिळा तेवढा भिंतीत राहिलाय.
उद्या काढतो. पोरीला लागायचा.