लालले लाल

४ मार्च १९६३, अमरावती
भगवंतमामाची अमेरिकन गाडी अंगणात मेली. क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. नबी मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्सचं लाल तेल गळून गेलं, मुंबईहून डबा आल्याबिगर हात लावू नका. अडाणी! मी बी.एस्सी. आहे. (दुसऱ्या खेपेस. पेपर काढणारे गाढव होते.) रविवारी वरूडला मुलगी पाहायला जायचंय. मामा म्हणाले, गाडी चालली तर गाडीनं, नाहीतर एसटीनं. नवरदेव एसटीनं? ठरलं. दुसरं तेल मीच शोधणार.

५ मार्च, सकाळ
प्रयोग. पाच वाट्या. एरंडेल दाट. जवस चिकट. रॉकेल पातळ. ब्रेक ऑईल हातावर सांडलं. शेंगदाण्याच्या तेलात मामीनं पोह्यांची फोडणी घातली. या घरात विज्ञानाची कदर नाही. वर म्हणते, वाट्या घासून ठेवजो, शास्त्रज्ञा.
नाही घासल्या.

७ मार्च
सापडलं! अकोटला मामाचं कापसाचं जिनिंग, शेजारीच तेलाची घाणी. तिथून सरकीचं कच्चं तेल आणलं. कंपनीचं लाल, हेही लाल. लालले लाल. अमेरिकेत सरकी नसेल म्हणून त्यांना सुचलं नाही. नबीला दाखवलं. बोटावर घेऊन म्हणतो, भाऊ, मिरचीबी लाल असते, टाकता काय?
त्याच्याशी बोलणं बंद. कायमचं.

८ मार्च, संध्याकाळ
दहा लिटर ओतलं. गाडी सुरू! कॅम्पपर्यंत लोण्यासारखी गेली. नबीच्या दुकानासमोर तीनदा हॉर्न वाजवला. मामांना सांगितलं, मुंबईचा डबा आला. खोटं नाही. डबा येणारच आहे.

१० मार्च, रविवार, वरूड
मोर्शीपासून भज्यांचा वास. मामा म्हणाले, कोणीतरी तळून राहिलं. मी म्हणालो, हो. वरूडच्या वेशीत गाडी पुढे जाईना. रिव्हर्स तेवढा शाबूत. मुलीच्या दारात आम्ही पाठमोरे पोचलो. मी म्हणालो, अमेरिकेत अशीच लावतात. सारी गल्ली हसून राहिली होती. खेडवळ लोक.
मुलीचे वडील पंजाबराव, संत्र्यांचे व्यापारी. त्यांनी विचारलं, तेल कोणतं? म्हणालो, मुंबईचं. मामांनी मान डोलावली. तेवढ्यात मुलगी, इंदू, पोह्यांचं ताट ठेवून गाडीपाशी गेली, खाली वाकली, गळणारं तेल बोटावर घेतलं. सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, हे तं सरकीचं हाय. म्हशीले घालतो त्या सरकीच्या ढेपेचा वास मले कळत नाही काय?
मामांनी पोहे खाली ठेवले. मी संपवले.

११ मार्च
गाडी संत्र्यांच्या ट्रकमागे बांधून आणली. मामा ट्रकमध्ये पुढे, ड्रायव्हरशेजारी. मला जागा नाही म्हणाले. होती.

१६ मार्च
वरूडचं पत्र. इंदू म्हणते, तेल चुकलं तं मानसाची चूक समजू, पण तोंडावर मुंबईचं कावून म्हणे? आज तेल, उद्या काय? नको.
मीच नाही म्हणणार होतो. तेलाचा वास घेणारी बायको कोणाला हवी?
दुपारी नबी मुंबईचा डबा घेऊन आला. आता काय उपयोग, म्हणतो, आतले सारे रबर फुगून गेले, गिअरबॉक्स खोलावा लागन. तो आत गेल्यावर मी झाकण काढून पाहिलं. लाल! अगदी तस्सं लाल. रंग माझा बरोबर होता. हे कोणी लिहून ठेवणार नाही, म्हणून लिहितो.
मामा आठवडाभरानं आज बोलले. सोमवारपासून अकोटच्या जिनिंगात सरकीची पोती शिवायला जा.
गाडी नाही. सकाळची सातची एसटी.